आधी किनारा, मग नौका

२९ मे २०२५ रोजी मुरगाव बंदरात ‘तारिणी’चे स्वागत झाले. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी सुमारे आठ महिन्यांत पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैलांचे अंतर शिडांच्या बळावर कापून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. ज्या नौकेने त्यांना तीन महासागर पार करून सुखरूप परत आणले, ती ५६ फुटी नौका गोव्यातच, दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये जिच्यावरून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ही याच बेटावरची. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी पाहिलेले सागर परिक्रमेचे स्वप्न मांडवीच्या पाण्यात आकाराला आले, ही गोमंतकीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

अशा मोहिमांनंतर शिडाची स्वतःची नौका असावी, ही इच्छा बळावणे स्वाभाविक आहे. जहाजांवर आयुष्य काढून घरी परतलेले दर्यावर्दी, पर्यटन व्यवसायात उतरू पाहणारे तरुण, निवृत्तीनंतरचा काळ पाण्यावर घालवावा असे वाटणारे व्यावसायिक अशा अनेकांच्या मनात हा विचार डोकावतो. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत क्रीडा व विहाराच्या नौकांवरील कर ४० टक्क्यांवर गेल्याने या खरेदीतील चूक पूर्वीपेक्षा महाग झाली आहे. नौका ही बहुतेकांसाठी घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी ठरते. ती चुकली तर आयुष्यभराची पुंजी नदीच्या गाळात रुतून बसते. त्यामुळे सफरीसाठी योग्य नौका कोणती, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक खरेदीदार लांबी, खोल्यांची संख्या आणि किंमत यांपासून सुरुवात करतात. वस्तुतः सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. नौका वर्षभर कोठे उभी राहणार, कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या वाऱ्यात जाणार, ती चालवणारे हात किती, हे आधी ठरले की योग्य नौकेची यादी आपोआप आखूड होते.

प्रवास कोणता?

गोव्यात शिडाच्या नौकेचे तीन प्रकारचे उपयोग संभवतात. पहिला, मांडवी-जुवारीच्या पात्रात आणि मुखाजवळच्या समुद्रात दिवसभराचा फेरफटका. दुसरा, किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई, कारवार, कोची असा प्रवास. तिसरा, लक्षद्वीप, मालदीव किंवा त्यापलीकडची खुल्या समुद्रातील सफर. या तिन्ही गरजा एकच नौका सारख्याच चांगल्या रीतीने भागवत नाही. पहिल्यासाठी पंचवीस फुटांची साधी नौका पुरते, तर तिसऱ्यासाठी पाणी, अन्न, इंधन आणि दुरुस्तीचे साहित्य वाहून नेणारा भक्कम सांगाडा लागतो. वर्षातून पन्नास वेळा नदीत फिरायचे आणि दहा वर्षांतून एकदा मालदीवला जायचे, असा विचार असेल तर त्या एका सफरीसाठी मोठी नौका घेऊन उरलेल्या सगळ्या दिवसांचा खर्च ओढवून घेण्यात अर्थ नाही.

कोकण किनाऱ्याचे वारेही निवडीत बोलतात. पावसाळा सरल्यानंतर मे महिन्यापर्यंत पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे भरतात. जुन्या पातमाऱ्या याच वेळापत्रकावर चालत. गोव्याहून दक्षिणेकडे जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो. मुंबईकडे जाताना तोच समोरून येतो. गोवा-मुंबई हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे. ताशी पाच मैलांची सरासरी धरली तरी पंचेचाळीस तास, म्हणजे जवळजवळ दोन दिवस-दोन रात्री लागतात. त्यातही वारा समोरून असेल तर नौकेला नागमोडी वाटेने जावे लागते आणि अंतर वाढते. उत्तरेकडे वरचेवर जाण्याचा बेत असणाऱ्याने वाऱ्याच्या तोंडावर चांगली चालणारी नौकाच निवडायला हवी. अन्यथा प्रत्येक प्रवासात इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो.

लांबीचा मोह

नौका जितकी लांब तितकी वेगवान आणि सुरक्षित, अशी एक रूढ समजूत आहे. त्यात तथ्य आहे, पण किंमत मोजून. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा कमाल वेग तिच्या पाण्याच्या रेषेवरील लांबीवर अवलंबून असतो. ही लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. पाण्याच्या रेषेवर २८ फूट असलेली नौका सुमारे सात नॉट गाठते. ३५ फूट असलेली आठ नॉटच्या जवळ पोहोचते. म्हणजे लांबी पावपटीने वाढवून हाती लागतो तो एक नॉटपेक्षा कमी वेग. मात्र त्याच प्रमाणात रुंदी आणि खोलीही वाढली तर वजन जवळजवळ दुप्पट होते. शिडे, नांगर, साखळी, दोर, इंजिन आणि रंग या सगळ्यांचा खर्च त्या वजनामागून वाढत जातो.

हातांचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. नौदलाच्या दोन प्रशिक्षित अधिकाऱ्यांनी ५६ फुटी नौका जगभर नेली, त्यामागे काही वर्षांची कठोर तयारी होती. साठीच्या उंबरठ्यावरील जोडप्याने तीच लांबी डोळ्यांसमोर ठेवणे धोक्याचे आहे. रात्री दोन वाजता वारा अचानक वाढला असता एका माणसाला शीड आखडून घेता येईल का, अडकलेला नांगर दोघांच्या बळाने उचलता येईल का, ही खरी कसोटी आहे. या कसोटीवर बहुतेक कुटुंबांसाठी तीस ते अडतीस फुटांच्या दरम्यानची नौका उतरते.

शर्यतीने शिकवलेले

‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीचा इतिहास याबाबतीत उद्बोधक आहे. १९६८ मध्ये पहिल्या शर्यतीत नऊ जण उतरले आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पूर्ण करून परतले. ३१२ दिवस सागर तुडवून २२ एप्रिल १९६९ रोजी ते इंग्लंडमधील फाल्मथला पोहोचले. त्यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. ती त्या ताफ्यातील वेगवान नौका नव्हती. मात्र तिचा मालक तिला बांधणीपासून ओळखत होता आणि मोडलेली प्रत्येक गोष्ट स्वतः दुरुस्त करू शकत होता. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट यांनी तीन सांगाड्यांची वेगवान नौका निवडली होती. तयारी अपुरी असताना, निघण्याच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी त्यांनी किनारा सोडला. पुढच्या जुलैत ती नौका अटलांटिकमध्ये निर्मनुष्य अवस्थेत सापडली.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये ही शर्यत जुन्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. ३२ ते ३६ फुटांच्या आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्यांच्या नौकांनाच तीत प्रवेश होता. अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही ‘सुहेली’ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले, या वेळी ‘रसलर ३६’ या इंग्लंडमधील जुन्या व कसोटीस उतरलेल्या बांधणीच्या नौकेतून. सोळा जणांत त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या. त्यांचीही ३६ फुटी, जड, पूर्ण लांबीच्या कील असलेली नौका होती.

याच शर्यतींतील दोन प्रसंग खरेदीदाराने विशेष लक्षात घ्यावेत. २०२२ मध्ये दीर्घकाळ आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेन यांचे वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू मोडले. दुरुस्तीसाठी त्यांना चिलीच्या किनाऱ्याला लागावे लागले आणि मुख्य विजेतेपदाचा त्यांचा हक्क गेला. २०१८ मध्ये विजेत्याला सुमारे २१२ दिवस लागले, तर फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांना ३२२. त्यांच्या नौकेच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी तिचा वेग खाल्ला होता. आराखडा आणि लांबी यांच्यावर महिनोन्महिने खल होतो. प्रवास मात्र एखाद्या सुट्या भागावर किंवा तळाच्या रंगावर अडतो. गोव्याच्या उबदार पाण्यात तर शेवाळ व शिंपले धरायला काही आठवडे पुरतात. नौका निवडताना तिचा तळ दरवर्षी कोठे आणि कसा साफ करायचा, हे विचारात घ्यावे लागते ते यामुळे.

एक सांगाडा की दोन?

अलीकडे जुळ्या सांगाड्यांच्या, म्हणजे कॅटामरान पद्धतीच्या नौकांकडे ओढा वाढला आहे. त्या कलत नाहीत, प्रशस्त असतात आणि त्यांना पाणी कमी लागते. चाळीस फुटांच्या कॅटामरानला साधारण सव्वा मीटर पाणी पुरते. एका सांगाड्याच्या तेवढ्याच नौकेला बहुधा दोन मीटरच्या आसपास खोली हवी असते. मांडवीच्या मुखाजवळील आग्वादचा वाळूचा बांध आणि शापोरा नदीच्या तोंडाशी साचणारी वाळू पाहता हा फरक क्षुल्लक नाही. पर्यटकांना फिरवण्याचा व्यवसाय करायचा असेल तर जुळ्या सांगाड्यांची नौका सोयीची ठरते.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वाऱ्याच्या तोंडावर ती सहसा कमी चालते, अधिक सामान भरले की मंदावते आणि धक्क्याला जवळजवळ दुप्पट जागा अडवते. एका सांगाड्याची नौका उलटली तर तळाच्या वजनामुळे पुन्हा सरळ होऊ शकते. कॅटामरान उलटली की तशीच राहते. किंमतही चढी असते. जागा आणि उथळ पाणी यांना प्राधान्य असेल तर कॅटामरान, लांबचा समुद्र आणि मर्यादित खर्च असेल तर एका सांगाड्याची नौका, असा ढोबळ निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्या प्रकारातही पात्याप्रमाणे खाली उतरणारी खोल कील घेण्याऐवजी मध्यम खोलीची लांब कील असलेली नौका गोव्याच्या गाळाच्या नद्यांना अधिक मानवते.

जुने की नवे?

कराचा नवा दर पाहता अनेकांचा कल जुन्या नौकेकडे वळेल. तो चुकीचा नाही. फायबरग्लासचा नीट जपलेला सांगाडा चाळीस-पन्नास वर्षेही टिकतो. लाकडी नौका देखणी असते, पण तळ पोखरणारा समुद्री किडा आणि कोकणातील दमट हवा यांमुळे तिला सतत हात लावावा लागतो. पोलाद भक्कम, मात्र गंजाशी रोजचे युद्ध. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ यांच्यात लाकूड व फायबरग्लास यांचा मेळ साधला आहे. दिवाडीसारख्या ठिकाणी या कामाचे कारागीर उपलब्ध असणे हा गोव्यातील खरेदीदाराचा मोठा लाभ आहे. दुरुस्ती करणारा हात जवळ असलेले साहित्य निवडणे केव्हाही शहाणपणाचे.

जुनी नौका पाण्यात तरंगत असताना पाहून सौदा करू नये. ती पाण्याबाहेर काढून, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तिची पाहणी करून घ्यावी. तळावर फोड आहेत का, डेक ठोकल्यावर कोठे पोकळ आवाज येतो का, कील जोडणारे बोल्ट गंजले आहेत का, तळातील पाण्याच्या झडपा मोकळ्या फिरतात का, हे त्याने तपासावे. डोलकाठी आवळून धरणाऱ्या पोलादी ताणतारांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे मानले जाते. त्या केव्हा बदलल्या याचा लेखी पुरावा नसेल, तर त्यांचा खर्च किमतीत धरावा. नौकेची कागदपत्रे हा स्वतंत्र विषय आहे. परदेशी नोंदणीची नौका स्वस्त दिसते, परंतु सीमाशुल्क भरलेले आहे की नाही, हे न पाहता घेतली तर स्वस्ताई क्षणात उडून जाते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील तपासणी कडक झाली आहे आणि अपुऱ्या कागदांची नौका मालकाला प्रत्येक बंदरात अडकवते.

किमतीनंतरचा खर्च

करापूर्वी ५० लाख रुपयांच्या नव्या नौकेवर पूर्वी २८ टक्के कर आणि उपकर मिळून सुमारे साडेपंधरा लाख रुपये भरावे लागत. आता ४० टक्क्यांनी ही रक्कम २० लाख होते. मासेमारी नौकांवरील कर पाच टक्के आहे. उपजीविकेच्या साधनावर कमी आणि चैनीच्या वस्तूवर अधिक कर, हे सूत्र समजण्यासारखे आहे. तथापि, त्यात तीस फुटी शिडाची नौका आणि अब्जाधीशाची विलासनौका एकाच रांगेत उभ्या केल्या जातात. ज्या राज्यात जगप्रदक्षिणा करणाऱ्या नौका बांधल्या जातात, तेथील कारखान्यांना लहान शिडनौकांची देशांतर्गत मागणी मिळणे यामुळे अवघड होते. या मुद्द्यावर राज्याने केंद्राकडे वेगळा वर्ग मागणे अस्थानी ठरणार नाही.

खरेदीनंतरचा खर्च मात्र कोणत्याही सवलतीने टळत नाही. वर्षाला किमतीच्या सुमारे दहा टक्के देखभालीसाठी बाजूला ठेवावेत, असा नौकामालकांत प्रचलित ठोकताळा आहे. जुनी नौका स्वस्तात मिळाली तर हे गणित नव्या किमतीवर मांडावे, कारण शीड किंवा इंजिन बदलताना मालकाने नौका कितीला घेतली होती हे कोणी विचारत नाही. हाती असलेली सारी रक्कम खरेदीतच संपवणारा मालक पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येतो. दोन-तृतीयांश रकमेत नौका घेऊन उरलेली तिच्या तयारीसाठी राखणे हा सुरक्षित मार्ग आहे.

नांगर कोठे टाकणार?

सरतेशेवटी सर्व चर्चा येऊन थांबते ती नौका ठेवण्याच्या जागेवर. कोचीत बोळगाट्टी येथे २०१० पासून मरिना आहे. गोव्यात, एवढी सागरी परंपरा असूनही, सफरी नौकांसाठी तशी पूर्ण सोयीची जागा नाही. नावशी येथील नियोजित मरिना प्रकल्पाला मच्छीमार व स्थानिकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्या विरोधाला भक्कम कारण आहे. जुवारीचे मुख हे मासळी आणि शिंपल्यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे शेत आहे. श्रीमंतांच्या नौकांसाठी ते कुंपण घालून द्यावे, हे त्यांना मान्य होणे शक्य नाही. दुसरीकडे, सोय नाही म्हणून नौका नदीत मिळेल तेथे नांगरल्या जातात आणि त्याचाही त्रास होड्यांनाच होतो. भव्य मरिना आणि काहीच नाही, या दोन टोकांमध्ये नदीच्या आतल्या भागात, मच्छीमारांच्या संमतीने, मोजक्या नौकांसाठी बांधीव नांगरजागा आणि नौका वर ओढण्याची उतरण हा मध्यम मार्ग असू शकतो. त्याची चर्चा बंदर कप्तान खाते, पंचायती आणि मच्छीमार यांच्यात उघडपणे व्हायला हवी. तशा उतरणीचा उपयोग मच्छीमारांच्या होड्यांनाही होईल.

ही सोय होईपर्यंत खरेदीदाराला आहे त्या परिस्थितीवर निर्णय घ्यावा लागेल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत खुल्या पाण्यात नौका ठेवता येत नाही. वादळे त्या चार महिन्यांची वाटही पाहत नाहीत. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पावसाळा सुरू व्हायचा होता. अशा वेळी एप्रिलअखेर नौका पाण्याबाहेर काढता येईल का, तेवढ्या वजनासाठी क्रेन आहे का, नदीच्या आत नेताना पुलांखालून डोलकाठी जाईल का, या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडे नसतात. ती मालकाने आधी शोधायची असतात. दिवाडीच्या उतरणीवर आठ टन वजन ओढता येत असेल आणि नौका बारा टनांची असेल, तर ती कितीही सुंदर असली तरी गोव्यातील त्या मालकासाठी ती चुकीची नौका आहे.

म्हणून नौकेच्या शोधात निघणाऱ्याने पहिला फेरफटका नौकांच्या बाजारात मारू नये. ओहोटीच्या वेळी नदीकाठी उभे राहून पाणी किती उरते ते पाहावे, कारागिरांना भेटावे, बंदर कप्तान खात्यात नोंदणी व नांगरण्याच्या परवानगीची चौकशी करावी आणि शक्य असल्यास एक हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून काढावा. त्यानंतर हातात उरलेली यादी लहान असेल. तिच्यातील नौका कदाचित जुनी, थोडी संथ आणि मनात योजलेल्यापेक्षा सहा फुटांनी आखूड असेल. पण ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर ती पाण्यात उतरलेली असेल.